राजमालिका : लांबी आणि पर्वरचना

राजघराण्याच्या इतिहासावर बेतलेली, क्रमशः दाखवली जाणारी दूरचित्रवाणी मालिका. तिच्या एका दिवसाच्या प्रक्षेपणाला ‘भाग’ म्हणतात आणि मध्ये विराम घेऊन आलेल्या भागांच्या स्वतंत्र गटाला ‘पर्व’. महाभारताच्या १८ पर्वांमुळे हा शब्द घरोघरी ठाऊक होता. छोट्या पडद्यावर तो रुळला गाण्यांच्या स्पर्धा आणि ‘बिग बॉस मराठी’सारख्या कार्यक्रमांमुळे. मराठी राजमालिका मात्र बहुधा सलगच चालतात.

दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा दिसे. तेरा आठवड्यांची तिमाही धरून भागांची संख्या ठरवण्याची तेव्हा रीत होती. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरची, गजानन जागीरदार दिग्दर्शित ‘स्वामी’ ही मालिका त्या काळातली. थोरल्या माधवराव पेशव्यांची ११ वर्षांची कारकीर्द तिने आटोपशीरपणे मांडली.

खासगी वाहिन्यांनी हे माप बदलले. आठवड्याला सहा भाग म्हटले की वर्षाचे सुमारे ३०० होतात. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली, २९ फेब्रुवारी २०२० ला संपली आणि तिचे सातशेहून अधिक भाग झाले. पर्वे पाडली नसली, तरी तिच्या कथेला ठळक सांधा आहे : ३ एप्रिल १६८०, शिवाजी महाराजांचे निधन. त्याआधीचे संभाजीराजे युवराज, नंतरचे छत्रपती. १६८१ चा राज्याभिषेक ते ११ मार्च १६८९ चे बलिदान एवढाच त्यांच्या राज्याचा काळ; त्यामुळे युवराजपणाला आणि रायगडावरील कारस्थानांना मालिकेत मोठी जागा मिळाली. याचे आणखी एक कारण निर्मितीत आहे. महालाचा सेट एकदा उभारला की त्यावर महिनोन्‌महिने चित्रण होते. लढाईला घोडे, माणसे, मोकळे रान आणि दिवस लागतात. बुऱ्हाणपूरची लूट, रामसेजचा वर्षानुवर्षे झुंजलेला किल्ला, गोव्याची मोहीम यांतले प्रत्येक प्रकरण एकेका पर्वाच्या तोलाचे आहे. तशी विभागणी झाली असती, तर या राजाच्या रणांगणावरील कामाला अधिक न्याय मिळाला असता.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा आणि सारा झाडीपट्टीचा मुलूख यांना रंगभूमीचे वेगळे माप परिचयाचे आहे. पर्वाला इंग्रजीत ‘सीझन’ म्हणतात; इथे मात्र ‘सीझन’ म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंतचा नाटकांचा हंगाम. धान कापून होते, गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचे लोकनाट्य रंगते. नाटकाचा पडदा रात्री उघडतो आणि राजाची गोष्ट असली तरी ती उजाडायच्या आत पुरी करावी लागते.

सलग मालिकेत पर्वाचे काम कालउडी करते. सोनी वाहिनीवरील ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ (२०२१) या हिंदी मालिकेत लहान अहिल्या अदिती जलतारे हिने साकारली; कथेने वर्षे ओलांडल्यावर एताशा संझगिरी आली. ब्रिटिश राजघराण्यावरील ‘द क्राउन’ने (२०१६–२०२३) हाच बदल पर्वांशी बांधला : सहा पर्वे, प्रत्येकी १० भाग आणि दर दोन पर्वांनी नवी राणी. सुलतान सुलेमानवरील तुर्की ‘मुह्तेशेम युझयिल’ (२०११–२०१४) आठवड्याला एक भाग या गतीने चार पर्वांत १३९ भागांपर्यंत गेली.

मराठीत पिढी बदलली की बहुधा मालिकाच नवी येते, कधी वाहिनीसुद्धा. स्टार प्रवाहवर नितीन चंद्रकांत देसाई यांची ‘राजा शिवछत्रपती’ (२००८), झी मराठीवर संभाजीराजे, सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ (२०१९) आणि पुढे ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’ (२०२१) : भोसले घराण्याची कथा अशी तीन वाहिन्यांवर, मागेपुढे होत सांगितली गेली. पहिल्या मालिकेत शिवाजी महाराज झालेले डॉ. अमोल कोल्हे दुसरीत संभाजी महाराज झाले.