ठग, मनगट आणि कलम ३१०

ओटीपी विचारून खातं रिकामं करणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रं ‘ठकसेन’ म्हणतात. ठकास महाठक भेटला की आपल्याला हसूच येतं. या शब्दात बुद्धी आहे, लबाडी आहे, रक्त नाही. संस्कृतातल्या ‘स्थग्’, म्हणजे झाकणं, या धातूशी त्याचं नातं जोडतात. (‘स्थगित’ही त्याच घरातला.) इंग्रजीतल्या ‘थग’ला मात्र डोकं लागत नाही, मनगट पुरतं. हिंदीतून तिकडे गेलेल्या या शब्दातली लबाडी वाटेत गळून पडली.

विल्यम स्लीमन हा कंपनी सरकारचा जबलपूरकडचा अधिकारी. वाटसरूंशी गोड बोलून सोबत चालायचं आणि संधी मिळताच रुमालाने गळा आवळायचा, अशा टोळ्यांच्या मागे तो १८३० च्या दशकात लागला. त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोशही त्याने १८३६ मध्ये छापला. त्याच वर्षी कायदा आला. ठगांच्या टोळीत कधीही, अगदी कायदा होण्याआधीही, सामील होतात एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. अमुक खून तुम्हीच केला, हे दाखवायची गरज नाही. आणि ठग म्हणजे कोण, हे त्या कायद्यात लिहिलेलंच नव्हतं! डिक्लेअर न केलेलं व्हेरिएबल वापरलं तर कंपायलर तरी ओरडतो.

१८३९ मध्ये मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली आणि इंग्लंडात गाजली. हाच टेलर पुढे नळदुर्गला जिल्ह्याचा कारभार पाहायला आला. साहेबाच्या भाषेत ठग कायमचा वस्तीला गेला तो तेव्हापासून.

व्याख्या आली ती १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३१० मध्ये: खून करून दरोडा घालण्यासाठी किंवा मुलं पळवण्यासाठी इतरांशी नेहमीची संगत ठेवणारा तो ठग. फसवणाऱ्याची सोय वेगळी, कलम ४२०. म्हणजे आपण ज्याला ठग म्हणतो तो कायद्याच्या लेखी ठग नव्हताच.

‘काय केलंस’ऐवजी ‘कोणातला आहेस’ हे विचारायची सवय मात्र टिकली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर ती जन्माला चिकटवली, आणि पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे आपण सगळेच जाणतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ४२० ची फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. ठगाचं कलम वगळलं गेलं.