कांडोळाचा डिंक आणि आतड्याचे मुख

गुदमार्ग रोगग्रस्त झाला, अथवा जन्मतःच बंद असला, म्हणजे शल्यवैद्य आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून मलास नवी वाट करून देतात. या वाटेस वैद्यकात ‘स्टोमा’ अशी संज्ञा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड एवढाच होय. परंतु हे तोंड मिटणारा स्नायू तेथे नसतो, व रुग्णाची इच्छाही चालत नाही. म्हणून बाहेरून पिशवी लावणे क्रमप्राप्त होते. या शल्यक्रियेच्या इतिहासात शल्यवैद्यांची नावे ठळकपणे येतात. पिशवी आणि त्वचा यांमधील सांध्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः रुग्णाचे पुढील आयुष्य त्या बोटभर सांध्यावर अवलंबून असते. आणि तो नीट जुळू लागला, यात भारतीय अरण्यातील एका डिंकाचा वाटा मोठा आहे.

अशा शल्यक्रियेची कल्पना फ्रान्समध्ये लित्रे याने १७१० मध्ये मांडली. पिलोर याने १७७६ मध्ये ती एका रोग्यावर प्रत्यक्षात आणली. मल टिपण्यासाठी त्या वेळी स्पंज होता, व तो पट्ट्याने आवळून धरलेला होता. दुरे याने १७९३ मध्ये गुदद्वार नसलेल्या अर्भकावर केलेली शल्यक्रिया यशस्वी झाली आणि तो मुलगा पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत जगला, असे नमूद आहे. त्यानंतरही दीर्घ काळ चिंध्या, कापूस, पट्टे आणि वाट्या हीच साधने राहिली. म्हणजे जीव वाचविण्याची विद्या पुढे गेली, परंतु कोरडे राहण्याची विद्या मागेच राहिली. १९४४ मध्ये अमेरिकेत त्वचेला चिकटविण्याची रबरी पिशवी पुढे आली. तिची रचना सुचविणारा कोनिग हा स्वतः रुग्ण होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रुक याने लहान आतड्याचे टोक बाही उलटावी तसे उलटवून त्वचेच्या वर उचलून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लहान आतड्यातील द्रव पाचकरसांमुळे त्वचा अक्षरशः पचवू लागतो. तोटी उंच झाल्याने तो थेट पिशवीत पडू लागला.

त्याच दशकात क्लीव्हलँड येथील शल्यवैद्य टर्नबुल याने कराया डिंक प्रचारात आणला. तो पूर्वी कृत्रिम दातांची कवळी बसविण्यासाठी वापरीत असत. ओलावा मिळाला की तो फुगतो, चिकटतो, आणि त्वचा व द्रव यांमध्ये पडदा होऊन राहतो. टर्नबुलची रुग्ण नॉर्मा गिल हिने १९५८ पासून त्याच रुग्णालयात इतर रुग्णांना या मुखाची निगा शिकविण्याचे काम केले. १९६१ मध्ये तेथे तिचे रीतसर शिक्षण सुरू झाले.

हा डिंक ज्या वृक्षाचा, त्याला मराठीत कांडोळ, गुजरातीत कडायो, हिंदीत कुल्लू म्हणतात. पांढुरक्या, गुळगुळीत खोडाचा हा वृक्ष सह्याद्री-सातपुड्याच्या शुष्क पानझडी वनांत व डांगच्या टापूत आढळतो. ‘कराया’ हे व्यापारी नाव राळ या अर्थाच्या हिंदी ‘करायल’ शब्दावरून आले, अशी व्युत्पत्ती कोशकार देतात. शास्त्रीय नाव त्याहून मौजेचे आहे. ‘स्टर्क्युलिया’ हे कुलनाम रोमन लोकांच्या खतदेवतेवरून पडले. त्यातील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ विष्ठा. नाव ठेवताना या कुलातील एका जातीच्या फुलांची दुर्गंधी मनात होती, डिंकाचा पुढील उपयोग नव्हे. तरी शब्द आणि वस्तू यांची अशी गाठ क्वचितच पडते.

कराया सर्वत्र टिकला नाही. मूत्राने तो लवकर विरघळतो, आणि उष्ण हवेत सैल होतो. पुढे जिलेटिन, पेक्टिन व सेल्युलोज यांच्या मिश्रणाची पट्टी आली. ती आरंभी तोंडातील व्रणांसाठी तयार झाली होती. म्हणजे एका तोंडाचे औषध दुसऱ्या तोंडाला लागू पडले. चिकट प्लॅस्टिक पिशवीची कल्पना मात्र डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन हिची. शल्यक्रियेनंतर तिची बहीण गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेनाशी झाली होती. त्यावर तिने १९५४ मध्ये ही युक्ती काढली.

या इतिहासाचा कस सुरगाण्यासारख्या ठिकाणी लागतो. १९४८ पर्यंत संस्थान असलेला हा प्रदेश आता नाशिक जिल्ह्याचा, डांगला लागून असलेला तालुका आहे. कांडोळाची वने येथून दूर नाहीत. पण पिशवी तालुक्याच्या गावात मिळेल असा भरवसा नसतो. अशा स्थितीत साधनाची निवड हा किमतीपेक्षा मापाचा प्रश्न ठरतो. शल्यक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे मुख आकसत जाते. पहिल्याच मापाने छिद्र कापीत राहिल्यास उघड्या त्वचेवर मल साचतो आणि पट्टी सुटते. छिद्र मुखाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. मुख त्वचेच्या पातळीखाली गेले असल्यास सपाट तबकडी निरुपयोगी ठरते. तेथे फुगीर तबकडी लागते. लहान आतड्याच्या पातळ स्रावाला खालून रिकामी करता येणारी पिशवी हवी, मूत्रासाठी तोटीची. त्वचेवर तेल लावलेले असल्यास कोणतीच पट्टी धरत नाही. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी, नाही तर तिचे वजनच सांधा ओढते. गळू लागल्यावर वरून चिकटपट्टी लावणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण स्राव आतच कोंडला जातो. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात पट्ट्या मऊ पडतात. त्यांना माठाजवळचा गार कोपरा बरा. आणि बोरगाव, वणी, दिंडोरी करीत एस.टी.ने नाशिकच्या दवाखान्यात जावयाचे असेल, तर छिद्र कापून तयार ठेवलेली दुसरी पिशवी, कोरडे फडके व पाण्याची बाटली झोळीत असावी लागते.