डिलीट म्हणजे पुसणं की खोडणं?

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. पाटीवरचं आपण पुसतो, वहीतलं खोडतो. पुसलेलं दिसत नाही. खोडलेलं रेघेखालून वाचता येतं. मोबाइलवर मात्र आपण दिवसभर ‘डिलीट मारतो’, आणि त्या बटणामागे पुसणं आहे की खोडणं, हे कळत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे या शब्दाचा माग काढावासा वाटला.

मूळ लॅटिन क्रियापद ‘देलेरे’. अर्थ पुसून टाकणं, नामशेष करणं. त्याच्या ‘देलेतुस’ या रूपावरून इंग्रजीने ‘डिलीट’ घडवलं. रोमन लोक हा शब्द अक्षरांना वापरायचे, तसा शहरांनाही. कार्थेज नष्ट झालंच पाहिजे, असा धोशा थोरल्या कॅटोने लावला होता. त्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या वाक्यात हेच क्रियापद आहे. तो इ.स.पू. 149 मध्ये वारला आणि इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी कार्थेज उद्ध्वस्त केलं. तरीही ट्युनिसजवळच्या बिर्सा टेकडीवर त्या शहरातल्या घरांच्या भिंती उत्खननात सापडल्याच.

माणसांचंही तसंच. इ.स. 211 मध्ये सम्राट काराकाल्लाने सख्ख्या भावाला, गेटाला, मारवलं आणि साम्राज्यभरच्या शिलालेखांतून त्याचं नाव काढायला लावलं. रोममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवर त्या जागी दुसरे शब्द बसवले. पण आधीची धातूची अक्षरं ज्या भोकांत रोवली होती, ती भोकं राहिली. त्यांवरून अभ्यासकांनी मूळचा मजकूर वाचून काढला.

याच क्रियापदापासून ‘इनडेलिबल’ हा शब्द आला, म्हणजे न पुसता येणारं. मतदानानंतर आपल्या बोटाला लागते ती इनडेलिबल शाई. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही शाई 1962 पासून आपल्या निवडणुकांत वापरली जाते. तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटचा डाग धुऊन जात नाही. नवी त्वचा आणि नख वाढेल तसाच तो जातो.

संगणकात हा शब्द आला तोही भोकांसोबतच. पूर्वी मजकूर कागदी फितीवर भोकं पाडून साठवत. चुकलेलं भोक बुजवता येत नाही. मग त्या अक्षराच्या सातही जागांवर भोकं पाडायची, आणि अशी ओळ आली की यंत्राने ती सोडून पुढे जायचं. आस्की या संकेतप्रणालीत ‘डिलीट’चा क्रमांक 127 आहे तो यामुळेच: सातही बिट 1. हे सरळसरळ खोडणं झालं.

आजही फारसं वेगळं नाही. साध्या हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा तिची यादीतली नोंद जाते आणि जागा मोकळी धरली जाते. मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. बऱ्याच डेटाबेसमध्ये तर ‘डिलीटेड’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात फक्त ‘हो’ भरलं जातं. आम्ही त्याला ‘सॉफ्ट डिलीट’ म्हणतो. ग्राहकाचा विचार बदलला, हिशेब तपासायचा झाला, तर ते सोयीचं पडतं. फेसबुक खातं डिलीट करायला सांगितल्यावर 30 दिवस विचार बदलता येतो आणि सगळं काढायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात, असं कंपनीच सांगते.

आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात या हक्कासाठी ‘इरेझर’ हा शब्द आहे, युरोपच्या कायद्यातही तोच. त्याचं मूळ लॅटिन ‘एरादेरे’, म्हणजे खरवडून काढणं. दाढीचा ‘रेझर’ त्याच कुळातला. म्हणजे कायदा खरवडायला सांगतो, आणि अ‍ॅप अनेकदा नुसती रेघ मारतं.

जुने फोटो, नको झालेलं नातं, आजारपणाचे रिपोर्ट लोक याच बटणाच्या भरवशावर सोडून देतात. त्यांच्या मनात पाटी असते. समोर मात्र बहुधा वही असते. म्हणून खातं बंद करताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि तो मराठीतच नीट विचारता येतो: पुसताय, की नुसतं खोडताय?