पुराचे माप आणि नदीचा स्वभाव

धरणाचा सांडवा केवढा ठेवावा, या प्रश्नाच्या उत्तरावर खालच्या गावांचे जीवित अवलंबून असते. जुन्या अभियंत्यांनी हे उत्तर सूत्रांतून शोधले. १८५१ साली आयर्लंडमध्ये मल्व्हनी यांनी पावसाचा जोर व पाणलोटाचे क्षेत्र यांवरून पुराचा उच्चांक काढण्याची रीत मांडली. १८६५ साली उत्तर हिंदुस्थानासाठी डिकन्स यांचे सूत्र आले; पुढे मुंबई इलाख्यात इंग्लिस यांचे सूत्र रूढ झाले. परंतु पूर किती चढेल, एवढेच या सूत्रांतून कळे. तो केव्हा चढेल व किती वेळ टिकेल, हे कळत नसे.

ही उणीव १९३२ साली अमेरिकन अभियंता लिरॉय शर्मन यांच्या रीतीने भरून निघाली. एखाद्या सलग, सर्व पाणलोटावर सारख्या पडलेल्या पावसाने आलेला पूर निवडावयाचा. नदीचा विसर्ग वेळोवेळी मोजून त्याचा आलेख काढावयाचा आणि झऱ्यांतून एरवीही वाहणारे पाणी त्यातून वजा करावयाचे. उरलेल्या एकूण पाण्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळाने भागले, म्हणजे जमिनीवरून वाहून आलेल्या पाण्याची जाडी मिळते. समजा, ३६० चौरस किलोमीटरांतून १ कोटी ८ लाख घनमीटर पाणी आले. तर ही जाडी ३ सेंटिमीटर भरते. आता विसर्गाच्या प्रत्येक आकड्याला ३ ने भागावे. हाती येतो तो एकक जलालेख, म्हणजेच तेवढ्या अवधीच्या पावसाला नदी कशी उत्तर देते याचे चित्र.

तेवढ्याच अवधीत ५ सेंटिमीटर पाणी वाहिले, तर आकडे पाचपट धरावयाचे. पाऊस लांबला, तर तोच आलेख पुढे सरकवून बेरीज करावयाची. या सोपेपणाला मात्र मर्यादा आहे. महापुराचे पाणी अधिक वेगाने धावते. म्हणून लहान पुरावरून काढलेला आलेख मोठ्या पुराचा उच्चांक कमी दाखवू शकतो.

अंदाज तोकडा पडल्याची किंमत गुजरातने मोजली आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरबीच्या वरच्या अंगाचे मच्छू-२ धरण फुटले, तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या सुमारे तिप्पट होता. गणित कितीही नेटके असो, त्याचा आधार मोजणीच होय. भर पावसात नदीकाठी उभे राहून विसर्गाची अचूक नोंद करणाऱ्या माणसाच्या हाती हजारोंची सुरक्षितता असते, ती यामुळेच.