सागरी गाळ व प्राचीन नदीप्रणाली
समुद्रतळावरील गाळाच्या रासायनिक संघटनावरून तो कोणत्या खडकांच्या झिजेतून आला हे ओळखून, नद्यांचे पूर्वीचे मार्ग व पाणलोट क्षेत्रे निश्चित करण्याची पद्धत. जमिनीवरील जुनी पात्रे झीज होऊन किंवा गाळाखाली गाडली जाऊन नाहीशी होतात. सागरतळावर मात्र गाळाचे थर क्रमाने साचतात. त्यातील जीवाश्म व चुंबकीय नोंदींवरून थरांचे वय ठरवतात.

या पद्धतीत निओडिमियमची समस्थानिके विशेष उपयुक्त ठरतात. समेरियम-१४७ च्या किरणोत्सर्गी क्षयातून निओडिमियम-१४३ तयार होते. त्यामुळे निओडिमियम-१४३ व १४४ यांचे गुणोत्तर खडकाचे वय व उगम यांनुसार बदलते. अपक्षय व वहनात ते फारसे बदलत नाही. स्ट्राँशियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावर मात्र अपक्षयाचा व कणांच्या आकाराचा परिणाम होतो. झिरकॉन या खनिजाच्या कणांचे युरेनियम-शिसे वय हा पूरक पुरावा होय.

अरबी समुद्रातील सिंधूच्या गाळाचा अभ्यास हे याचे ठळक उदाहरण. पीटर क्लिफ्ट व येझी ब्लुश्टाइन यांनी २००५ मध्ये, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीपासून या गाळातील निओडिमियमचे गुणोत्तर घटल्याचे दाखवले. पंजाबातील नद्या गंगेकडून सिंधूकडे वळल्या, असा अर्थ त्यांनी लावला. मात्र हिमालयातील झिजेचे केंद्र सरकले, तरीही असाच बदल दिसू शकतो. म्हणून नदीचौर्याचा, म्हणजे एका नदीने दुसरीचा प्रवाह आपल्याकडे वळवल्याचा, निष्कर्ष अनेक पुरावे जुळल्यावरच काढावा लागतो. २०१५ मध्ये भारताच्या पश्चिमेस अरबी समुद्राच्या तळावरील लक्ष्मी खोऱ्यात आंतरराष्ट्रीय मोहिमेने वेधन केले. तेथे दख्खनच्या बेसाल्टची झीज वाहून आणणाऱ्या द्वीपकल्पीय नद्यांचा वाटाही वेगळा काढावा लागतो.