अर्ध्या डोक्याचे चित्र

अर्धशिशी हे नाव ज्याने कोणी ठेवले, त्याने फार शब्द खर्चले नाहीत. अर्धे शीर, एवढेच. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत याच दुखण्याला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. म्हणजे अर्धे डोके फोडून काढणारा. ग्रीक वैद्य त्याला ‘हेमिक्रेनिया’, अर्धी कवटी, म्हणत, आणि फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत त्याच शब्दाचा ‘मायग्रेन’ झाला. दूरदूरच्या मुलखांतील रोग्यांनी एकमेकांना न विचारता वैद्याला एकच हकिगत सांगितली, असा याचा अर्थ.

पण सांगणे निराळे आणि दाखवणे निराळे. मोडलेला हात दिसतो, ताप हाताला लागतो, गळू तर शेजाऱ्यालाही दिसते. अर्धशिशी मात्र जिची तिलाच ठाऊक. ‘जिची’ म्हणतो, कारण पुरुषांच्या मानाने बायकांत हे दुखणे दुपटी-तिपटीने आढळते. घरात पाहुणे आले की हिचे डोके दुखते, हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर मला दाखवावे. अशा या साक्षीदार नसलेल्या दुखण्याला साक्षीदार कसे मिळत गेले, ते आज सांगावयाचे आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो व सवडीने कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण साक्षीपुराव्याची गोष्ट म्हटली की आमच्यासारख्याला राहवत नाही.

पहिली साक्ष दिली ती रोग्यानेच. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना अधूनमधून डोळ्यांपुढे एक विचित्र उजेड दिसे. त्यांनी 1865 साली त्याचे वर्णन छापले. त्यांचे डॉक्टर चिरंजीव ह्यूबर्ट यांनाही तोच वारसा मिळाला होता. ह्यूबर्टने 1870 साली त्या उजेडाची चित्रेच काढून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली. दृष्टीच्या मध्याजवळ एक ठिपका उमटतो. त्याची कोनाकोनांची, लखलखणारी कड होते. ती कड अर्ध्या तासाच्या आत पसरत पसरत नजरेच्या काठापर्यंत जाते, आणि तिच्या पोटात काही काळ काहीच दिसत नाही. ह्यूबर्टला ती कड तटबंदीसारखी वाटली. आमच्या सातारकरांना तटबंदी म्हटली की अजिंक्यतारा आठवतो. पण आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल. युरोपात तोफांच्या काळात कोनाकोनांचे तट बांधले गेले, तसा तो आकार समजावा.

आमच्या थोरल्या वहिनींना हाच उजेड दिसतो. त्यांनी एअरीचे नाव ऐकलेले नाही. त्या म्हणतात, ‘लुगड्याचा करवतकाठ उन्हात धरावा ना, भाऊजी, तसा लखलखतो आणि मग अर्धे ताट दिसेनासे होते.’ एका वेळी मी त्यांच्यापुढे गणिताची चौकटीची वही ठेवली. त्यांनी जे काढून दाखवले ते एअरीच्या चित्राशेजारी ठेवावे असे होते. (सूर्योदयापूर्वी दुधात जिलबी खाण्याचा उपायही त्यांनी इमानाने केला. त्याने अर्धशिशी गेली नाही. पोरांची मात्र चंगळ झाली.)

शेवटी मेंदूचा फोटो काढावा असे ठरले. उपचारासाठी रेल्वेने दक्षिणेकडे जाणे सातारकरांना नवे नाही. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ काढले, तेव्हापासून सांगली-मिरज हे नाव या भागात आजारपणाबरोबरच घेतले जाते. वहिनींना सांगलीस नेले, त्या यंत्राच्या बोगद्यात ठोक्यांच्या आवाजात निमूट पडून राहिल्या, आणि अहवाल आला : मेंदू निर्दोष. सर्वांना हायसे वाटले. वहिनींना वाटले नाही. परतीच्या गाडीत कऱ्हाड यायच्या आतच एक नातलग बोलून गेले, ‘म्हणजे काही नाहीच की!’

अहवाल खराच होता. चूक होती ती त्याच्या वाचनात. रंटगेनने 1895 साली क्ष-किरण शोधले, त्यांनी कवटीचे हाड दाखवले. आतला मऊ मेंदू त्यांना जवळजवळ पारदर्शकच. पुढे हाउन्सफील्डच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या एका इस्पितळात जिवंत रोगिणीच्या मेंदूचा पहिला छेद दाखवला. मग आले एम. आर. आय., ते चुंबकाच्या बळावर शरीरातील पाण्याचा ठाव घेऊन चित्र काढते. ही चित्रे गाठ दाखवतात, रक्तस्राव दाखवतात. पण ती वाड्याच्या भिंतींचा नकाशा काढतात. वाड्यात त्या घटकेला कोण धावत गेले, ते त्यात उमटत नाही. अर्धशिशी हे बहुतेक वेळा धावत जाणारे प्रकरण आहे, आणि वहिनी सांगलीस गेल्या त्या दिवशी त्यांचे डोके दुखत नव्हते.

त्या धावण्याचा वेग यंत्रांच्या आधीच मोजला गेला, हे मला या इतिहासातले सर्वांत मोठे नवल वाटते. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच हा उजेड दिसे. तो कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि उजेडाची कड कोठवर आली ते मिनिटामिनिटाला टिपून ठेवी. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे क्षेत्र असते. त्याच्या मापाशी ताळा घालून त्याने 1941 साली सांगितले, की मेंदूच्या पृष्ठावरून मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर गतीने काहीतरी सरकत असले पाहिजे. मुंगीलाही लाज वाटावी अशी ही चाल! तीनच वर्षांनी, 1944 साली, ब्राझीलचा तरुण संशोधक लेआओ हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करत होता. त्याला भलतेच दिसले. मेंदूचा विद्युत्‌व्यापार एके ठिकाणी मावळतो आणि ती मावळती लाटेसारखी सावकाश पसरते. गती, मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर. मिल्नर नावाच्या संशोधकाने 1958 साली हे दोन आकडे शेजारी ठेवले. पण सशाच्या लाटेवरून माणसाची लाट सिद्ध होत नाही. ती माणसात, ऐन झटक्यात पकडायला हवी. आणि झटका काही डॉक्टरांची वेळ घेऊन येत नाही.

कोपनहेगनमध्ये 1981 साली ओलेसेन, लार्सेन आणि लॉरिट्झेन यांना ती संधी मिळाली. किरणोत्सर्गी झेनॉन वायूच्या साहाय्याने ते मेंदूतील रक्तप्रवाह मोजत होते, आणि काही रोग्यांना तपासणी चालू असतानाच झटका आला. मेंदूच्या मागच्या बाजूने रक्तप्रवाहातील मंदी हळूहळू पुढे सरकताना दिसली. मग 2001 साली बोस्टनमध्ये नूशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी नव्या तऱ्हेचा एम. आर. आय. वापरला. प्राणवायू असलेले आणि प्राणवायू सोडलेले रक्त चुंबकाला वेगवेगळे भासते, हे ओगावा यांनी 1990 साली दाखवले होते. त्यावर ही तऱ्हा उभी आहे. त्यांचा एक रोगी असा होता, की बास्केटबॉल खेळला की त्याला तो उजेड दिसू लागे. गडी खेळून आला, यंत्रात निजला, आणि उजेड पसरू लागला तशी मेंदूवरची लाटही पसरू लागली. गती भरली मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर. लॅश्लीच्या पेन्सिलीला साठ वर्षांनी साक्षीदार मिळाला.

उजेडाचा उलगडा झाला तरी दुखण्याचा पुरता झाला असे नाही. पुष्कळांना उजेड न दिसताच डोके दुखते. न्यूयॉर्कचे हॅरल्ड वुल्फ यांचे मत होते, की कवटीबाहेरच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणका लागतो. अनेक दशके ते पाठ्यपुस्तकांत नांदले. डॅनिश संशोधकांनी 2013 साली ऐन दुखण्यात त्या वाहिन्यांची चित्रे घेतली. त्या बाहेरच्या वाहिन्या फुगलेल्या नव्हत्या. त्याआधी 1995 साली जर्मनीत दिसले होते, की औषधाने दुखणे थांबल्यावरही मेंदूच्या देठाचा एक भाग जागाच असतो.

आणि हाम्बुर्गचा तो प्रयोग! तेथे एका रोग्याने तीस दिवस रोज त्या यंत्रात निजण्याचे कबूल केले. त्या महिन्यात तीन झटके आले. 2016 साली ही हकिगत प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू होण्याच्या चोवीस तास आधीच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचे वर्तन बदललेले होते. झोप, भूक, तहान यांचा कारभार पाहणारी ही जागा. झटक्याच्या आदल्या दिवशी अर्धशिशीच्या कित्येक रोग्यांना सारख्या जांभया येतात, गोड खावेसे वाटते. घरची मंडळी म्हणतात, गोड खाल्ले म्हणून डोके दुखले. कधी कधी उलटेही असेल : दुखणे आधीच निघालेले, आणि गोडाची इच्छा त्याचीच वर्दी.

ही यंत्रे अर्धशिशीचा दाखला देण्यासाठी रोजच्या तपासणीत वापरत नाहीत. डॉक्टर अजूनही विचारूनच ओळखतात : एका बाजूला ठणकते का, उजेड-आवाज सोसवत नाही का, मळमळते का, चालल्याने वाढते का. फोटो काढायचा तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. एकाएकी कधी नव्हे इतके भयंकर डोके दुखले, पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, हातपाय लुळे पडले, ताप येऊन मान ताठली, तर दिवाळीच्या दिवशीही थांबू नये. एरवी अहवाल निर्दोष आला, तर रोगिणीला आधी अंधाऱ्या खोलीत निजू द्यावे आणि अंगणातल्या पोरांना फटाके जरा दूर नेऊन उडवायला सांगावे.