वडीलपणाचा मान आणि वडगावचा निवाडा

लोणावळे-खंडाळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावच्या सपाटीपर्यंत पसरलेल्या पवन, नाणे आणि आंदर या मावळांत, आणि त्यांच्या दक्षिणेस हिरडस मावळ व रोहिड खोऱ्यापर्यंतच्या मुलुखात, वडील माणसाला मान द्यावा की नाही हा प्रश्न शतकानुशतके केवळ शिष्टाचाराचा नव्हता. तो दिवाणात आणि गोतसभेत लढविला जाणारा हक्काचा प्रश्न होता. देशमुखी असो वा पाटीलकी, वतन सर्व भाऊबंदांचे असले तरी त्यातील वडील घर आणि धाकटे घर हा भेद काटेकोरपणे पाळला जाई, आणि कागदावर नांगराची निशाणी प्रथम कोणी करावी, होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल पुढे चालावा, विडा आणि टिळा आधी कोणास द्यावा, यांवरून सख्ख्या चुलत्या-पुतण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत. करीने लिहिले जात, साक्षी-पुरावे होत, प्रसंगी दिव्यापर्यंत मजल जाई, आणि शेवटी गोताच्या साक्षीने जो महजर होई त्याने ठरविलेले वडीलपण नातवंड-पणतवंडांस बंधनकारक होई.

तथापि या जुन्या कागदांतून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात, आणि त्या आज विसरल्या जातात. पहिली ही की दुष्काळाने किंवा दंडाने गांजलेला पाटील आपली निम्मी पाटीलकी विकी तेव्हा जमिनीबरोबर मानपानही वाटून देई. अमुक मान थोरल्याचा, अमुक धाकट्याचा, असे कलमवार लिहिले जाई, आणि अशा रीतीने परक्या कुळातला खरेदीदारही त्या मानाचा भागीदार होई. दुसरी ही की मानाबरोबर जोखीमही त्याच उंबरठ्यावर येई. महसूल थकला तर तगादा प्रथम पाटलाच्या दारी, आणि गावावर खंडणी बसली तर ती फिटेपर्यंत ओलीस म्हणून बसावयाचे तेही पाटलानेच. ज्याला पहिला विडा, त्याला पहिली बेडी, असा तो व्यवहार होता. आणि माझ्या मते त्या व्यवहाराची सारी प्रतिष्ठा या दुसऱ्या अर्ध्यात होती.

म्हणूनच पराक्रमापुढे ज्येष्ठतेने मागे सरावे ही कल्पना मावळात परकी नव्हती. अफझलखानाच्या संकटात वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कारीचे कान्होजी जेधे हे मावळच्या देशमुखांत वयाने आणि निष्ठेने अग्रगण्य. दरबारातील पहिल्या पानाचा मान त्यांचा. परंतु १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत हिरडस मावळच्या बांदलांनी आपली माणसे खर्ची घातली, तेव्हा तो मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, असे परंपरा सांगते. जेधे-बांदलांचे जुने वैर ध्यानात घेतले म्हणजे वृद्ध जेध्यांनी तो मान सोडून देणे हे, मला वाटते, तो मिळविण्याहून थोर कृत्य होते.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा निवाडा मात्र कोणत्याही गोतसभेत झाला नाही. तो १७७९ च्या जानेवारीत, आज तालुक्याचे ठाणे असलेल्या वडगावी झाला. वादी होता पेशव्यांच्या घराण्यातला वडील पुरुष, रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब. प्रतिवादी होते जेमतेम पावणेपाच वर्षांचे बालक, सवाई माधवराव.

रघुनाथरावांच्या वडीलपणाची त्या घराने केलेली कदर थोडी नव्हती. १७६२ च्या नोव्हेंबरात, चुलत्याने निजामाची कुमक घेऊन पुतण्याशी युद्ध मांडले आणि आळेगावी सरशी केली, तेव्हा सतरा वर्षांचे पेशवे थोरले माधवराव, दौलत दुभंगू नये म्हणून, आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. वडिलांपुढे नमणे याचे इतके निर्मळ उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. परंतु त्याच माधवरावांनी, काकांचे मनसुबे थांबत नाहीत असे पाहून, १७६८ साली धोडपच्या पायथ्याशी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेविले. नमस्कार सुटला नाही, कारभार मात्र हाती दिला नाही. हा भेद त्या तरुणाने विशीत ओळखला होता. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी मागे लागले असता माधवरावांचे धाकटे बंधू, अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव, आश्रयासाठी धावले ते काकांकडेच; आणि वडील माणसाने ज्या एका गोष्टीसाठी जगावयाचे, ती गोष्ट त्या क्षणी घडली नाही; नारायणराव मारले गेले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा महाराष्ट्रास सुपरिचित आहे. सखारामबापू, नाना फडणवीस आदी बारभाई कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंस पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला, तोच सवाई माधवराव, आणि चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे त्याच्या नावाने आली.

रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि १७७८ च्या अखेरीस त्यांची पलटण घेऊन बोरघाट चढले. सुमारे ३,९०० शिपाई आणि त्यांच्यामागे १९,००० बैलांचा बाजारबुणगा, असा तो लवाजमा खंडाळ्याहून कार्ल्याकडे इतक्या मंद गतीने सरकत होता की दिवसाकाठी कोसभराची मजलही कठीण व्हावी. मराठ्यांच्या तोफा भिवराव पानश्यांच्या हाती होत्या. रयतेने गावे रिकामी केली होती. ४ जानेवारीस कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला; त्याच्या शौर्यासाठी शत्रूनेच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगावात आजही त्याचे थडगे लोक श्रद्धेने राखतात. ९ तारखेस फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव जळत होते, आणि दाणा-वैरण कोठेच नव्हती.

आता मुख्य गोष्ट. आपण घाट चढताच मातबर सरदार आपल्या निशाणाखाली येतील असे आश्वासन दादासाहेबांनी इंग्रजांस दिले होते, आणि ते खोटेपणाने दिले होते असे मला वाटत नाही. अटकेपर्यंत ज्यांच्याबरोबर घोडे फेकले ते आपल्याला, घराण्यातल्या थोरल्या पुरुषाला, नाकारतील हे त्यांच्या मनातही आले नसावे. त्यांची सारी भिस्त केवळ वडीलपणावर होती. परंतु कार्ल्यापासून तळेगावापर्यंत कोणी आले नाही. शिंदे आले, होळकर आले, हरिपंत फडके आले; ते सारे त्या बालकाच्या बाजूने. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून इंग्रजांनी माघार घेतली, वडगावी त्यांना वेढा पडला, रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले, आणि १६ जानेवारीस तहनामा झाला, ज्यात १७७३ नंतर घेतलेला साष्टीसह सारा मुलूख परत देण्याचे कलम होते. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो पुढे नामंजूर केला. त्या नामंजुरीने इंग्रजांचा कौल बदलला, मराठी सरदारांनी वडीलपणाविषयी दिलेला कौल बदलला नाही.

या विजयानंतरचे वर्तनही पाहावे. पुतण्याच्या खुनाचा आरोप माथी असलेल्या आणि परकी फौज घरावर आणणाऱ्या रघुनाथरावांस महादजींनी अदबीने वागविले. झांशीकडे जहागीर नेमून त्यांची रवानगी केली, आणि वाटेतून ते पळून सुरतेस गेले तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. अखेरचे दिवस त्यांनी कोपरगावी काढले. अन्न, वस्त्र, अब्रू यांवरचा वृद्धाचा हक्क गुन्ह्यानेही बुडत नाही, एवढे त्या कठोर काळाने मान्य केले होते, आणि ते मला योग्य वाटते. राज्याचा शिक्का ही वेगळी चीज होती. ती मागण्याचा अधिकार वयाने येत नव्हता.

परंतु येथे एक अन्याय डोळ्यांत सलतो. वडगावानंतर सखारामबापू बोकिलांचा रघुनाथरावांशी असलेला गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला, आणि नानासाहेब पेशव्यांपासूनचा कारभार पाहिलेल्या, नाना फडणविसांच्या आधीच्या पिढीतल्या या वयोवृद्ध मुत्सद्द्याला कैद करून सिंहगड, प्रतापगड, रायगड असे गडोगडी फिरविण्यात आले. १७८१ साली बंदिवासातच त्यांचा अंत झाला. बापूंचा अपराध खरा होता, त्यांना कारभारातून दूर करणे आवश्यकच होते. पण ज्यांनी बोलावले ते किल्ल्यावर मेले आणि जे बोलावणे घेऊन फौजेसह आले ते जहागिरीस पात्र ठरले, याचे कारण न्याय नव्हे. दादासाहेब घरचे वडील होते, बापू चाकरीतले. एकाला रक्ताने वाचविले. दुसऱ्याजवळ वाचविण्यास केवळ त्याची दीर्घ सेवा होती, आणि तिची किंमत नाना फडणविसांसारख्या शहाण्या पुरुषाने करावी तशी केली नाही.